तात्यांचे इंजिन: पलूस तालुक्यातील एका ब्रँडनिष्ठेचे प्रकरण

एप्रिल २०२५ मध्ये माझ्या एका माजी विद्यार्थ्याचा फोन आला. ‘सर, आमचं जुनं किर्लोस्कर इंजिन कॉलेजच्या लॅबला फुकट देतो. फक्त तुम्ही एकदा घरी या आणि वडिलांना सांगा, की कॉलेजला त्याची फार गरज आहे.’ तशी गरज मुळीच नव्हती. आमच्या प्रयोगशाळेत त्याच नावाचे एक इंजिन कित्येक वर्षे चालू आहे आणि दुसरे ठेवायला जागा नाही. खोटे बोलायला मी नकार दिला. पण घरातील एक वस्तू काढण्यासाठी मुलाला शिक्षकाकरवी वडिलांची समजूत घालावी लागते, हे ऐकून कुतूहल वाटले आणि पुढच्याच रविवारी मी गेलो. ती भेट धरून सहा महिन्यांत पाच वेळा गेलो. त्या भेटींवर हे टिपण आधारले आहे. कुटुंबाच्या संमतीने ते लिहीत आहे; गावाचे आणि माणसांचे नाव दिलेले नाही. गृहस्थांना घरात सगळे तात्या म्हणतात, तेच येथे ठेवले आहे.

तात्यांचे वय ७०. पलूस तालुक्यात दोन ठिकाणी मिळून सात एकर जमीन. नदीकडच्या रानात ऊस, वरच्या माळाच्या रानात हळद आणि थोडी ज्वारी. खालच्या विहिरीवर विजेची मोटर आहे. वरच्या विहिरीवर वीजजोडणी नाही, तेथे इंजिन चालते. वरची चार एकर जमीन मुलाच्या नावावर आहे आणि त्याने राज्य शासनाच्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत अर्ज करून आपल्या वाट्याची दहा टक्के रक्कम भरलेली होती. मेमध्ये पाच अश्वशक्तीचा सौरपंप बसणार होता. इंजिन त्या दिवशी भंगारात द्यायचे, असे मुलाने ठरवले होते. तात्यांनी त्यावर वाद घातला नाही. ते जेवायचे थांबले.

नाव आणि मुलूख

या तालुक्यात किर्लोस्कर हे नाव रेल्वे स्थानकाच्या पाटीवर आहे. बेळगावात १८८८ मध्ये सायकलचे दुकान काढणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर १९१० मध्ये आपला कारखाना घेऊन औंध संस्थानात आले. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्थानकाजवळ दिलेल्या माळावर त्यांनी वसाहत उभी केली आणि स्थानकाचेही नाव पुढे किर्लोस्करवाडी झाले. लोखंडी नांगराने जमीन नासते, असा समज असल्याने त्यांचे सुरुवातीचे नांगर खपत नव्हते, ही गोष्ट या भागातली पोरेही सांगतात. पंप १९२६ च्या सुमारास आले. १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागले होते आणि त्यातून पुढे वाढलेली मासिके मराठी घरांत वाचली जात होती. ज्या नावाचा नांगर शेतात, पंप विहिरीवर आणि मासिक माजघरात असते, त्या नावाशी माणसाचे नाते गिऱ्हाइकापुरते राहत नाही.

तात्यांचे चुलते किर्लोस्करवाडीच्या फाउंड्रीत होते. त्यामुळे इंजिन ‘आपल्या वाडीचे’, ही घरातली पक्की समजूत. वस्तुतः डिझेल इंजिने १९४६ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची. वाडीला पंप होत असत आणि आज त्या दोन वेगळ्या कंपन्या आहेत. एवढेच नव्हे, तर तात्यांच्या इंजिनाची मापे आणि मांडणी ब्रिटनमधील पेटर कंपनीच्या त्याच ‘एव्ही-वन’ नावाच्या इंजिनाशी जुळतात. हे मी दुसऱ्या भेटीत, जरा शिक्षकी उत्साहाने, त्यांना सांगितले. त्यांनी चहाची बशी खाली ठेवली. ‘पंप तर वाडीचाच हाय न्हवं?’ पंप वाडीचाच होता. विषय तेथे संपला, आणि अशा ठिकाणी अधिक माहितीने काही हलत नाही, हे मला उशिरा कळले.

इंजिन १९७३ मध्ये तात्यांच्या वडिलांनी कर्ज काढून घेतले. आदल्या वर्षीच्या दुष्काळात एक बैल विकावा लागला होता आणि मोट बंद पडली होती. तात्या तेव्हा १८ वर्षांचे होते. मोटेच्या धावेवर पहाटेपासून बैलांमागे मागेपुढे करण्याचे काम त्यांच्याकडेच असे. नव्या इंजिनाने न्याहारीच्या आत हौद भरला, तेव्हा वडील बांधावर नुसते बसून राहिले होते. हा प्रसंग त्यांनी मला पाचांपैकी तीन भेटींत सांगितला आणि तिन्ही वेळा एकाच शब्दांत सांगितला.

हँडल आणि वही

इंजिन एकसिलिंडरी, पाण्याने थंड होणारे, ५ अश्वशक्तीचे आहे. बोअर ८० मिलिमीटर, स्ट्रोक ११०, मिनिटाला १५०० फेरे. मला ते या आकड्यांनी ओळखू येते. आमच्या प्रयोगशाळेतले त्याच घराण्यातले ‘टीव्ही-वन’ ५.२ किलोवॅटचे असून देशभरातील अभियांत्रिकी महाविद्यालयांत करंजाच्या, जट्रोफाच्या आणि आणखी कशाकशाच्या बायोडिझेलचे प्रयोग त्याच्यावर इतके झाले आहेत, की त्यातले निम्मे प्रबंध डोळे मिटून लिहिता येतील. तात्यांची ओळख वेगळी आहे.

ते आधी डिपस्टिक काढून धोतराच्या सोग्याला नव्हे, तर खिळ्याला अडकवलेल्या एका ठरावीक चिंधीला पुसतात. तेल पाहतात. डिझेलच्या नळीचा नट सैल करून बुडबुडे जाईपर्यंत हवा काढतात. डावा हात डीकॉम्प्रेशनच्या, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोकळा करणाऱ्या खटक्यावर, उजव्या हातात हँडल; आणि हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवतात, मुठीत आवळत नाहीत, कारण इंजिन उलटे फिरले तर अंगठा मोडतो. चार फेरे हलके, पाचवा जोरात, आणि खटका खाली. सत्तराव्या वर्षीही ते दुसऱ्यांदा हँडल मारताना मी पाहिले नाहीत. पहिल्या भेटीत इंजिन सुरू झाल्यावर ते मान तिरकी करून उभे राहिले आणि म्हणाले, ‘नोझल ठिबकतंय.’ मला काहीच वेगळे ऐकू आले नव्हते. मी ते नोझल काढून मागितले आणि प्रयोगशाळेतल्या टेस्टरवर लावून पाहिले. फवारा संपल्यावर टोकाला एक थेंब धरत होता.

त्यांच्याकडे १९७३ पासूनची वही आहे. ती आता वही राहिलेली नाही; तीन वह्या एकमेकींना दोऱ्याने शिवल्या आहेत आणि पुठ्ठा इंजिन ऑइलच्या डब्याच्या खोक्याचा आहे. रिंगा कधी बदलल्या, लायनर कधी, हेड गॅस्केट कुणाकडून आणले, तेल किती तासांनी काळे पडले, सगळे तारखेनिशी. मधे मधे दुसऱ्याही नोंदी आहेत. ‘आज रिंगा टाकल्या. वडील वारले म्हणून दोन दिवस बंद.’ ‘व्हॉल्व्ह बसवले. थोरलीचे लग्न ठरले.’ यांत्रिक देखभालीच्या इतक्या चांगल्या नोंदी मी काही कारखान्यांतही पाहिलेल्या नाहीत.

या वहीतूनच एक अडचणीची गोष्ट बाहेर आली. पिस्टन, लायनर, बेअरिंगे, पंपाचा इम्पेलर आणि दोनदा हेडसुद्धा बदललेले आहे आणि त्यातले निम्म्याहून अधिक सुटे भाग मूळ कंपनीचे नाहीत. ‘लोकल’ आहेत. मी बोट ठेवले तेव्हा तात्या ओशाळले, आणि मग त्यांनी जे सांगितले ते येथे महत्त्वाचे आहे: पैसा नसेल तेव्हा लोकल घालायचे, पण वहीत तसे लिहायचे, इंजिनाला फसवायचे नाही. मूळचे आता ब्लॉक, क्रँक, फ्लायव्हील आणि पितळी पाटी एवढेच उरले आहे. दर खंडेनवमीला रंग देण्यापूर्वी ती पाटी ते चार स्क्रू काढून वेगळी ठेवतात आणि चिंचेने घासतात.

पूर आणि विहीर

२०१९ पर्यंत इंजिन नदीकडच्या विहिरीवर, मोटरीला जोड म्हणून होते. त्या ऑगस्टात कृष्णेचा महापूर आला आणि इंजिन आठ दिवस पाण्याखाली राहिले. पाणी ओसरल्यावर तात्यांनी खालचा ड्रेन प्लग उघडला. आधी गढूळ पाणी आले, मग ताकासारखे पांढुरके तेल, मग गाळ. हेड उतरवून पिस्टनवर डिझेल ओतून ठेवले, रात्रभर तसेच, आणि दुसऱ्या दिवशी मुलाने बॅटरी धरली व त्यांनी फ्लायव्हील हाताने हलवून हलवून मोकळे केले. तिसऱ्या दिवशी इंजिन सुरू झाले. विजेची मोटर मात्र रिवाइंडिंगसाठी सांगलीला पडून होती, कारण त्या दुकानापुढे साऱ्या तालुक्याच्या मोटरी रांगेने होत्या. तीन आठवडे तात्यांच्या इंजिनाने शेजारच्या चार घरांनाही पाणी दिले. आधी जे प्रेम होते, त्याचा या तीन आठवड्यांत पुरावा मिळाला, आणि पुढची सगळी अडचण त्या पुराव्यातून आली.

पुरानंतर इंजिन वरच्या विहिरीवर नेले. तेथे उन्हाळ्यात पाणी फार खाली जाते. वर बसवलेला पंप हवेच्या दाबाच्या बळावर पाणी ओढतो. शास्त्राप्रमाणे ही मर्यादा सुमारे १० मीटरची आणि व्यवहारात सहा-सात मीटरची, म्हणजे वीस-बावीस फुटांची आहे. त्याखाली पाणी गेले, की पंप हवा धरतो. मग पाइपाच्या तळाची एकमार्गी झडप, म्हणजे फूटव्हॉल्व्ह, ज्याला आमच्याकडे सर्रास फुटबॉल म्हणतात, तो कितीही नवा घाला. इंजिन तेव्हा काही करू शकत नाही, हा त्याचा दोष नव्हे. पाणबुडी मोटर हा उपाय होता, पण त्याला वीज हवी आणि तात्यांना ‘न दिसणारी मोटर’ नको होती. त्यांनी विहिरीत पंधरा फुटांवर कडेला लोखंडी चौकट ठोकून तिच्यावर इंजिन उतरवले. ही पद्धत या भागात जुनी आहे. ती धोक्याची आहे, हेही जुनेच आहे: धूर वर न्यायला सायलेन्सरला पाइप जोडतात आणि त्या पाइपाचा एखादा सांधा सैल झाला, तर वास नसलेला कार्बन मोनॉक्साइड विहिरीत साठतो.

मार्चअखेर तेच झाले. तात्या सकाळी इंजिन बंद करायला उतरले आणि वर येऊन बांधावर बसले, ते उठेनात. डोके ठणकत होते, दोनदा उलटी झाली. सूनबाई डबा घेऊन आल्या होत्या म्हणून कळले. पलूसच्या डॉक्टरांनी तपासले, दिवसभर ठेवून घेतले आणि सोडले. घरी आल्यावर त्यांनी पहिली चौकशी इंजिन कुणी बंद केले, याची केली. मुलगा मला म्हणाला, ‘सर, त्या दिवशी मी ठरवलं. हे लोखंड आता घरात नको.’

म्हणजे मुलाचा राग कोणत्या ब्रँडवर नव्हता, पैशावरही नव्हता. फोनवर त्याने हे सांगितले नव्हते.

कागद उलटा केला

मी पहिला प्रयत्न केला तो माझ्या धंद्याला साजेसा केला. एव्ही-वन पूर्ण भाराला तासाला साधारण एक लिटर, किंवा थोडे अधिक, डिझेल पिते. डिझेल नव्वद रुपयांच्या आसपास. वरच्या रानाला हंगामात चारशे तास धरले, तर चाळीस हजार रुपये नुसते जळणार. सौरपंपाला इंधन शून्य आणि पाच वर्षे दुरुस्तीची जबाबदारी पुरवठादाराची. मी हे सगळे एका कागदावर मांडून दिले. तात्यांनी तो शांतपणे वाचला, उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर मला रिंगांचे माप लिहून दिले; सांगलीला चाललोच आहे तर घेऊन यावे म्हणून.

हिशेब त्यांना कळत नव्हता असे नाही. चुकीच्या प्रश्नाचे उत्तर मी दिले होते, एवढेच.

अमेरिकन संशोधक रसेल बेल्क यांनी १९८८ मध्ये असे मांडले, की आपल्या वस्तू हा आपल्या ‘स्व’चा विस्तार असतो आणि त्या गेल्या की माणूस स्वतःच उणा होतो. तात्यांच्या बाबतीत ही कल्पना बरीच लागू पडते. पण त्यांच्या ‘स्व’चा विस्तार पाटीवरच्या नावात आहे की लोखंडात, असे विचारले, तर दोन्ही उत्तरे मला अपुरी वाटतात. लोखंड निम्मे बदललेले आहे. नावाबद्दल म्हणायचे, तर कंपनीच्या दृष्टीने तात्या हे अगदी वाईट गिऱ्हाईक आहेत: १९७३ मध्ये एकदा खरेदी, त्यानंतर बावन्न वर्षांत मुख्यतः दुसऱ्यांचे सुटे भाग. त्यांचा नातू पुण्यात असतो आणि एकाच कंपनीचे मोबाइल वापरतो. दर दोन-तीन वर्षांनी नवा घेतो, जुना देऊन टाकतो आणि आजोबांच्या वेडाला हसतो. विक्रीखात्याच्या भाषेत निष्ठावान ग्राहक नातूच. पण मोबाइल पाण्यात पडला तर नातू तो तांदळात ठेवून वाट पाहील. आजोबा ड्रेन प्लग उघडतील.

तात्यांची निष्ठा स्वतःच्या कानावर आणि हातावर आहे, आणि त्या कानाला व हाताला प्रथम ज्याने दाद दिली, त्याचे नाव पाटीवर आहे, असा माझा निष्कर्ष आहे. शाळा सातवीत सुटलेल्या माणसाला या इंजिनाने तज्ज्ञ केले. पंचक्रोशीत कुणाचे इंजिन जाम झाले तर तात्यांना बोलावणे येत असे. त्यांच्या शब्दावर दहा-बारा घरांनी याच नावाची इंजिने घेतली. विजेच्या मोटरी आल्यावर ही बोलावणी कमी झाली. सौरपंपाबरोबर ती उरलीसुरली संपणार होती, कारण त्याचा कंट्रोलर सीलबंद असतो. बसवायला आलेल्या तंत्रज्ञाने पहिलीच सूचना ‘उघडू नका, वॉरंटी जाईल’ अशी दिली, तेव्हा तात्यांनी मला बाजूला घेऊन विचारले, ‘सर, जे उघडायचंच न्हाई, ते आपलं कसं म्हणायचं?’ या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. उपभोग्य वस्तूंच्या दुरुस्तीचा हक्क हा विषय मी वर्गात शिकवतो, तरीही नव्हते.

या आपुलकीची किंमत मात्र लपवण्यात अर्थ नाही. विहिरीत उतरवलेले इंजिन ही निष्ठेची परिसीमा होती आणि ती जिवावर बेतली असती. इंजिन पुरातून वर आले म्हणून कुठूनही वर येईल, असा तात्यांचा हिशेब होता. त्यात श्वास घेणारा माणूस धरलेला नव्हता.

तडजोड

तिसऱ्या भेटीत आम्ही चौघे बसलो आणि मी एकच अट मांडली: इंजिन विहिरीतून वर आले पाहिजे, मग ते भंगारात जाते की नाही, हा वेगळा प्रश्न. मुलगा याला लगेच तयार झाला आणि तात्याही, कारण ‘विका’ हा शब्द कुणी काढला नव्हता. खरी युक्ती सूनबाईंची. घरी तीन म्हशी आहेत, कडबाकुट्टी हाताची होती आणि विजेची घ्यायचे गेली दोन वर्षे नुसते बोलणे चालले होते. गोठ्याच्या मागे मोकळ्या हवेत इंजिन बसवून त्याला पट्ट्याने कुट्टीयंत्र जोडावे, असे त्यांनी सुचवले. पाच अश्वशक्ती कुट्टीला जास्तच होते. पण पुली बदलून वेग जमवता आला. त्या पुलीचे गणित मात्र मी केले, आणि तात्यांनी ते ताडून पाहिले.

मेअखेर सौरपंप बसला. पहिले महिनाभर तात्या त्याच्याकडे फिरकले नाहीत. जूनमध्ये एकदा दुपारी ढग आले आणि पाण्याची धार बारीक झाली, तेव्हा ते समाधानाने घरी सांगत आले. नंतर मुलाने त्यांना कंट्रोलरच्या पडद्यावरचे आकडे वाचायला शिकवले. आता ते सकाळी पॅनेल पुसतात. धुळीने धार किती पडते, याचा त्यांचा स्वतःचा अंदाज तयार झाला आहे. वहीत मात्र सौरपंपाची नोंद नाही. मी विचारले तर म्हणाले, ‘त्यात काय लिवायचं? काय बदललं तर लिवू.’

शेवटची भेट १ ऑक्टोबरला, खंडेनवमीला झाली. गोठ्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये इंजिन नव्या रंगात उभे होते, पाटी चिंचेने घासलेली, झेंडूचा हार, पुढे नारळ. त्याच्या शेजारी पोत्याखाली झाकलेले आणखी काही दिसत होते आणि त्यालाही हार होता. मी मुलाकडे पाहिले. त्याने हात जोडले. तुपारीकडच्या एका शेतकऱ्याने आपले बंद पडलेले एव्ही-वन भंगारवाल्याला दिले होते, हे तात्यांना कुठून तरी कळले. भंगारवाला ते तोडायच्या आत तात्यांनी सहा हजारांना उचलून आणले होते. त्याचा क्रँक चांगला आहे म्हणून, आणि त्याची पितळी पाटी शाबूत आहे म्हणून.